महाराजांच्या मागचा काळोख

“थुंकी? महाराजांच्या चित्राला थुंकी लावायची, तात्या?”

बाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा होता. हात चित्रापासून वीतभर अंतरावर थांबलेला.

तात्यांनी मान हलवली. लावायची.

“दुसरं काही नाही? तुमच्या पेटीत एवढ्या बाटल्या आहेत...”

“आहेत. त्या नंतर. आधी थुंकी.”

“का पण?”

“ती कोमट असते. आणि आपली असते. जोर जास्त झाला, तर आपला आपल्याला कळतो.”

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय सांगणार... मी दाराशी बाकावर बसलो होतो. या दरबार हॉलवर लक्ष ठेवायचं, एवढंच माझं काम. चाळीस वर्षं तेच केलं. चित्र कसं पुसायचं हे मला कुणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे.

तात्या म्हणजे रुक्मांगद चितारी. वय ऐंशीच्या वर. त्यांचे वाडवडील पालख्या रंगवायचे, देवळांची छतं रंगवायचे. तात्यांनी मात्र स्वतःचं असं एकही चित्र काढलं नाही. जन्मभर दुसऱ्यांनी काढलेली जुनी चित्रं साफ करत आले. कुणी त्यावरून हसलं, तर म्हणायचे, घरात स्वयंपाक करणारी माणसं पुष्कळ होती, भांडी घासायला मी एकटाच होतो.

बाई म्हणजे डॉक्टर शर्वरी सबनीस. औषधाच्या डॉक्टर नव्हेत, पुस्तकांच्या. आमच्या त्र्यंबकराजे महाराजांच्या चित्रावर त्यांनी अकरा वर्षं घालवली होती.

हे चित्र तुम्हीही कुठंतरी पाहिलं असेल. कॅलेंडरावर येतं, आमच्या कुंभेरीच्या पेढ्यांच्या खोक्यावर येतं. महाराज पांढऱ्या अंगरख्यात उभे आहेत. एक हात तलवारीच्या मुठीवर, दुसरा मोकळा. ओठ जरासे हसल्यासारखे. आणि मागं, आपल्या डाव्या हाताला, काळोख. महाराजांच्या खांद्यापासून तो निघतो आणि उभाच्या उभा वर जातो. टक लावून बघितलं, तर तिथं कुणी माणूस उभं आहे असं वाटतं.

त्या काळोखापायीच लोक लांबून लांबून यायचे.

मी नोकरीला लागलो तेव्हा एक मास्तर पोरांची सहल घेऊन यायचे. खादीचा सदरा, डोक्याला टोपी. ते पोरांना सांगायचे, हा काळोख म्हणजे गोरा साहेब. महाराजांच्या पाठीमागं उभा आहे, म्हणून महाराज मोकळे हसत नाहीत. पोरं गप्प होऊन बघायची. मीही बघायचो. मला तिथं साहेबाची हॅट दिसायची.

मग पुष्कळ वर्षांनी एक दाढीवाले प्राध्यापक आले. खांद्याला झोळी. ते म्हणाले, कसला साहेब... ही रयत आहे. जिच्या घामावर हा पांढरा अंगरखा शिवला, ती रयत चित्रकारानं अंधारात ठेवली. मी पुन्हा बघितलं. हॅट गेली होती. तिथं मला माणसांची दाटी दिसली, डोक्यावर बोजे घेतलेली.

मग बाई आल्या. त्यांनी सांगितलं, तिथं राणीसरकार आहेत. आधी महाराजांच्या शेजारी रंगवलेल्या होत्या, नंतर दरबारातल्या कुणीतरी त्यांच्यावर काळा रंग फासायला लावला. आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून मला तिथं डोक्यावरून पदर घेतलेली बाई दिसायला लागली. पदराचा काठसुद्धा दिसायचा.

मला ज्याचं त्याचं पटत गेलं. शिकलेल्या माणसाला खोटं कसं म्हणायचं...

बाईंचं पुस्तक आता छापखान्यात होतं. शेवटचे छापील कागद तपासून शुक्रवारी परत द्यायचे होते, आणि शनिवारी याच हॉलमध्ये त्यांचं भाषण होतं. चित्राला शंभर वर्षं झाली म्हणून राजवाड्याच्या ट्रस्टनं तो समारंभ ठेवला होता. त्याआधी चित्र साफ करायला तात्यांना बोलावलं. बाईंनी ट्रस्टकडून लिहून आणलं होतं, की काळोखाचा भाग त्या स्वतः साफ करतील, तात्यांच्या हाताखाली शिकून. काळ्या रंगाखालून राणीसरकार बाहेर येतील त्या स्वतःच्या हातानं याव्यात, अशी त्यांची इच्छा. अकरा वर्षांनंतर तेवढा हक्क मागितला, तर त्यात वाईट काही नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्या तात्यांना म्हणाल्या, मला अहो-जाहो करू नका, मी शिकायला आले आहे.

तात्यांनी ते लगेच मानलं.

“बस मग,” ते म्हणाले.

बाई बसल्या आणि बोलायला लागल्या. तासभर बोलल्या. त्यांनी सगळा पुरावा सांगितला. चित्र नवीन असताना दरबारातल्या एका कारकुनानं त्याचं वर्णन लिहिलं होतं, त्याची प्रत त्यांच्याकडं होती. त्यात लिहिलंय, महाराज प्रसन्न वदनाने झरोक्यापाशी उभे. काळोखाचं नावसुद्धा नाही. एवढा मोठा काळोख, आणि बघणाऱ्यानं त्याचं नाव घेऊ नये? म्हणजे नाव घ्यायची बंदी होती. हा सगळ्यात मोठा पुरावा, असं त्या म्हणाल्या.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तोंड कोरडं पडलं का?

बाई म्हणाल्या, हो, पाणी मिळेल का?

“पाणी घे. काम उद्या.”

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. बाई महाराजांच्या मोकळ्या हाताबद्दल बोलल्या, तात्यांनी त्यांना पाणी पाजून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी बाई चिडल्या. म्हणाल्या, तुम्ही मला काही शिकवणार आहात की नाही? तात्या चित्राकडं बोट करून म्हणाले, तुझ्यापेक्षा हे बरे. शंभर वर्षं गप्प उभे आहेत.

मला हसू आलं. मी तोंड फिरवलं.

चौथ्या दिवसापासून बाई न बोलता बसायला लागल्या. नुसत्या चित्रासमोर. चहासुद्धा घ्यायच्या नाहीत, तात्यांनी तसं सांगितलं होतं. हे सगळं कशासाठी चाललंय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. आठव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तात्यांनी त्यांच्या हातात बोळा दिला आणि म्हणाले, जिभेवर फिरव आणि लाव.

तेव्हा बाई म्हणाल्या, थुंकी?

तर असं ते सगळं.

बाईंनी बोळा जिभेवर फिरवला. आधी डोळे मिटले, मग तो चित्राला लावला. काळोखाच्या मधोमध, जिथं त्यांना राणीसरकारांचा चेहरा असेल असं वाटत होतं तिथं. तात्या बारीक आवाजात सांगत होते. घासू नकोस. नुसता फिरव. मुलाचं नाक पुसतात तसा. काळा झाला की टाक, दुसरा घे.

पहिला बोळा काळा झाला.

दुसरा झाला. तिसरा झाला...

खिडकीतून ऊन आलं होतं. बाईंचा श्वास मला दारापर्यंत ऐकू येत होता. रुपयाएवढी जागा उघडी पडत चालली होती, आणि बाई मध्येच मागं सरल्या.

मी उठून जवळ गेलो. तसं जायला नको होतं, पण गेलो.

तिथं निळा रंग होता. फिकट निळा. सकाळी नऊच्या सुमाराला असतो तसा. खालच्या कडेला हिरव्या रंगाचा एक फटकारा, झाडाच्या शेंड्याचा.

“हे काय आहे?” बाई म्हणाल्या.

“आभाळ,” तात्या म्हणाले.

बाई आणखी पुढं वाकल्या.

“कारकुनानं लिहिलं होतं की. झरोका.”

बाईंनी शेजारी थोडं पुसलं. तिथंही आभाळ. जरा वर पुसलं. आभाळच. काळ्या रंगाचा थर असता, तर तो थुंकीनं निघाला नसता, हे त्यांनाही आता कळलं असणार. हा रंगच नव्हता. ही काजळी होती.

त्या खाली फरशीवर बसल्या. पिशवीतून छापील कागदांचा गठ्ठा बाहेर आला होता. सगळ्यात वर मुखपृष्ठाचा कागद. त्यावर महाराज नव्हतेच, नुसता काळोख मोठा करून छापलेला.

बाहेर कुणीतरी सायकल टेकवली, त्याचा आवाज आला.

मग बाई अगदी हळू म्हणाल्या, “तात्या... एवढी जागा परत काळी करता येईल?”

मी मान खाली घातली. एवढं शिकलेलं माणूस असं विचारतंय म्हणून नव्हे. त्यांचा आवाज ऐकून. माझ्या थोरलीनं एकदा भांडं फोडलं होतं आणि तुकडे जुळवत बसली होती, तेव्हा तिचा आवाज असा झाला होता.

तात्या रागावले नाहीत.

“येईल,” ते म्हणाले. “ज्योत्या, दिवटी आण.”

दिवटी म्हणजे हातात धरायची जुनी मशाल. खाली लाकडी मूठ, वर लोखंडी वाटी, वाटीत चिंध्या आणि तेल. ती आता काचेच्या कपाटात असते. किल्ली माझ्याकडंच. मी आणून तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती बाईंच्या हातात दिली आणि सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढून शेजारी ठेवली.

बाई दिवटी धरून उभ्या राहिल्या. ती जड असते. हात लगेच खाली येतो.

“किती वेळ धरायची?” त्यांनी विचारलं.

“याच्या बापाला एकतीस वर्षं लागली.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं.

तात्या मला म्हणाले, “सांग तिला.”

जी गोष्ट मी कधी सांगायची म्हणून ठेवलीच नव्हती, ती सांगायची कशी? पण तात्या एकेक विचारत गेले आणि मी सांगत गेलो.

आम्ही दिवटे. राजवाड्यात दिवटी धरायचं काम आमच्याकडं. हे चित्र झालं आणि दोन वर्षांत महाराज गेले. युवराज लहान. मग दर दसऱ्याला गादीवर हे चित्र ठेवायचे आणि संस्थानातल्या बेचाळीस गावांचे पाटील ओळीनं येऊन चित्राला सोनं द्यायचे. आपट्याची पानं महाराजांच्या पायाशी ठेवायचे. एकेका पाटलानं मुजरा करायचा, गावाचं बरंवाईट महाराजांना सांगायचं, मग पुढचा. युवराज मोठे झाले तरी ही रीत मोडली नाही. दुपारी सुरू झालेला दरबार दिवेलागणीपर्यंत चालायचा. खिडक्यांना पडदे सोडलेले. महाराजांचा चेहरा पाटलांना दिसायला हवा, म्हणून माझा बाप चित्राशेजारी दिवटी धरून उभा. त्याच्यामागून नऊ वर्षं मी उभा राहिलो. मग वीज आली आणि ते काम संपलं. पुढं बऱ्याच वर्षांनी मला इथंच राखणीला ठेवलं.

“कुठल्या बाजूला उभा राहायचास?” तात्यांनी विचारलं.

“डाव्या.”

“दर वर्षी?”

“दर वर्षी.”

हे बोललो आणि मी चित्राकडं बघितलं. काय सांगू... मी त्या चित्रासमोर चाळीस वर्षं बसलो. त्याच्या आधी नऊ दसरे त्याच्याशेजारी उभा राहिलो. साहेब बघितला, रयत बघितली, राणीसरकार बघितल्या. धूर तेवढा मला कधी दिसला नाही. एका दसऱ्याला जेवढी काजळी बसते तेवढी कुणालाच दिसत नाही. आणि जो रोज बघतो त्याला तर नाहीच.

मी बाईंना म्हणालो, माफ करा. मला खरंच कळलं नव्हतं.

दिवटी अजून त्यांच्या हातातच होती.

“डाव्याच बाजूला का?” तात्या म्हणाले.

“उजवीकडं चिकाचा, बांबूच्या बारीक काड्यांचा, पडदा असायचा ना.”

“पडद्यामागं कोण?”

“राणीसरकार.”

बाईंची मान वर झाली.

मी सांगितलं. दरबारात बायकांनी बसायची रीत नव्हती. पण राणीसरकार दसऱ्याला पडद्याआड येऊन बसायच्या, पहिल्या पाटलापासून शेवटच्या पाटलापर्यंत. दिवटीचा धूर त्यांच्या डोळ्यांत जाऊ नये, म्हणून बाप पलीकडच्या बाजूला उभा राहायचा. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच वाटलं. पुढं राणीसरकार गेल्या, पडदाही निघाला. मी लागलो तेव्हा उजवीकडं कुणी नव्हतं. पण बाप डावीकडं उभा राहायचा, म्हणून मीही डावीकडंच राहिलो.

“आणखी काही?”

“आणखी काय... एकदा पडद्याआडून निरोप आला होता. बाप सांगायचा. दासी आली आणि म्हणाली, सरकार म्हणतात, दिवटी अजून वर धरा, इथून चेहरा दिसत नाही. तेव्हापासून बाप हात डोक्याच्या वर ताणून धरायचा. चार-पाच तास. घरी आला की आई खांद्याला तेल चोळायची.”

मी हात वर करून दाखवला, बाप कसा धरायचा ते. आणि तसाच राहिलो, कारण बाई माझ्या हाताकडं बघत होत्या. मग चित्रातल्या काळोखाकडं. तो जिथून निघतो तिथून जिथपर्यंत जातो तिथपर्यंत. उभाच्या उभा... पदर घेतलेली बाई दिसते तेवढा.



बाईंनी दिवटी हळूच फरशीवर ठेवली. काडेपेटीला हात लावला नाही.

तात्या स्टुलावरून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, आधी गुडघ्यावर हात, मग कंबर. खाली पडलेले काळे बोळे त्यांनी एकेक करून उचलले, कागदात बांधले आणि ती पुडी माझ्यापुढं धरली.

“घे. तुझ्या बापाचं आहे.”

मी घेतली. कुठं ठेवावी कळेना. सदऱ्याच्या खिशात ठेवली.

बाई ते बघत होत्या. मग त्यांनी गठ्ठ्यातला मुखपृष्ठाचा कागद उचलला आणि उलटा केला. पेन काढलं.

“ज्योतीमामा, तुमच्या वडिलांचं नाव काय?”

या हॉलमध्ये माझ्या बापाचं नाव कुणी कधी विचारलं नव्हतं.

“हैबती.”

“पूर्ण सांगा.”

“हैबती सिदू दिवटे.”

त्यांनी ते लिहिलं. खाली आणखी काहीतरी लिहायला गेल्या. पेन टेकवलं, उचललं. पुन्हा टेकवलं...

मग त्यांनी तात्यांकडं बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज सरळ होता. “म्हणजे राणीसरकार तिथं नव्हत्याच. आणि होत्याही. तात्या, आता मी हे सगळं पुसू, की असंच ठेवू? शनिवारी लोक विचारतील, त्यांना काय सांगू?”

तात्या चित्राकडं बघत होते. रुपयाएवढ्या आभाळाकडं, आणि त्याच्या भोवतीच्या काळोखाकडं. बराच वेळ बघत होते. बाई वाट बघत उभ्या राहिल्या. पाच मिनिटं गेली असतील, दहाही असतील. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग तात्यांनी काडीला कोरा कापूस गुंडाळला आणि त्यांच्यापुढं धरला.

“गप्प होतीस. आता थुंकी आली असेल. घे.”